सॉकेट कुणाच्या बापाचं?

स्वस्तातला गेमिंग कॉम्प्युटर जोडायला निघालेल्या कुणालाही विचारा, तो प्रोसेसरबद्दल तासभर बोलेल. किती कोअर, किती गिगाहर्ट्‌झ, कुठल्या गेममध्ये किती फ्रेम्स, सगळं तोंडपाठ. मग विचारा, मदरबोर्ड कुठला? "तो काय, दुकानदार देईल तो." बजेट आवळायची वेळ आली की पहिली कात्री बोर्डालाच लागते, कारण बोर्डामुळे फ्रेम्स वाढत नाहीत. तसं पाहिलं तर ते खरंही आहे. पण गेल्या तीस वर्षांतली जुनी प्रकरणं उकरून पाहिली, तर मला वेगळंच दिसतं. कमी पैशात गेम खेळणाऱ्यांचं नशीब प्रोसेसरपेक्षा बोर्डावरच्या त्या चौकोनी सॉकेटने जास्त वेळा ठरवलंय. त्यात कोण बसू शकतं, आणि कोणाला बसू द्यायचं हे कोण ठरवतं, यावर सगळा खेळ. या विकांताला त्याचीच गोष्ट.

सुरुवात जरा कोरडी आहे, ती पटकन उरकतो. १९८१ साली आयबीएमने पीसी काढला, त्यात इंटेलचा ८०८८ होता. आयबीएमसारखं दांडगं गिऱ्हाईक एकाच पुरवठादारावर विसंबून राहायला तयार नव्हतं. त्यामुळे १९८२ मध्ये इंटेलने एएमडीशी करार केला आणि इंटेलच्याच डिझाइनचे प्रोसेसर एएमडीही बनवू लागली. १९८५ मध्ये ३८६ आला तेव्हा मात्र इंटेलने डिझाइन द्यायला नकार दिला. एएमडीने खटपट करून १९९१ मध्ये स्वतःचा ३८६ काढलाच. कोर्टकचेऱ्या १९९५ पर्यंत चालल्या. असो.

आपल्या कामाची गोष्ट अशी, की या भांडणांच्या काळात प्रोसेसर कुणाचाही असला तरी पायांची रचना एकच असे. त्यातलं सगळ्यात गाजलेलं सॉकेट म्हणजे १९९५ चं सॉकेट ७. एकच बोर्ड, आणि त्यात इंटेलचा पेंटियम बसवा, एएमडीचा के५ किंवा के६ बसवा, सायरिक्सचा ६एक्स८६ बसवा, नाहीतर आयडीटीचा विनचिप. बोर्डावर शर्टाच्या बटणाहून लहान जंपर असत. ते इकडचे तिकडे करून व्होल्टेज आणि वेग ठरवायचा. (व्होल्टेजचा जंपर चुकला की प्रोसेसरला श्रद्धांजली.) आजच्या पोराला हे खोटं वाटेल, पण तेव्हा एका कंपनीचा प्रोसेसर काढून त्याच बोर्डावर दुसऱ्या कंपनीचा बसवता यायचा.

इथे एक पुणेकर येतो. विनोद धाम, जन्म पुण्यातला, १९५० चा. इंजिनिअरिंग दिल्लीला केलं, पुढे इंटेलमध्ये पेंटियमच्या प्रकल्पाचं नेतृत्व केलं, त्यामुळे त्यांना 'पेंटियमचे जनक' म्हणतात. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. १९९५ मध्ये ते इंटेल सोडून नेक्सजेन नावाच्या छोट्या कंपनीत गेले. नेक्सजेनचा एनएक्स५८६ हा प्रोसेसर चांगला होता, पण तो पेंटियमच्या सॉकेटमध्ये बसत नसे. त्याला स्वतःचा वेगळा बोर्ड लागायचा. आता एका छोट्या कंपनीच्या एका प्रोसेसरसाठी वेगळा बोर्ड कोण बनवणार, कोण ठेवणार, कोण विकत घेणार? १९९६ मध्ये एएमडीने नेक्सजेन विकत घेतली. त्याच लोकांचं पुढचं डिझाइन सॉकेट ७ मध्ये बसेल असं करून घेतलं आणि एप्रिल १९९७ मध्ये ते के६ म्हणून बाजारात आणलं. ते धडाक्यात खपलं. म्हणजे बघा, टीम तीच, अक्कल तीच. नेक्सजेनच्या नावाने धंदा झाला नाही तो सॉकेट ७ मध्ये घुसल्यावर झाला.

आता कुणी म्हणेल, सगळेच बसत होते तर स्वस्तातला घ्यायचा आणि मोकळं व्हायचं. लोकांनी तेच केलं, आणि जून १९९६ मध्ये क्वेक आला.

सायरिक्सची जाहिरातीची पद्धत अशी, की प्रोसेसरवर खरा वेग लिहायचाच नाही, 'अमक्या पेंटियमच्या बरोबरीचा' असा आकडा लिहायचा. ६एक्स८६ पी१६६+ प्रत्यक्षात १३३ मेगाहर्ट्‌झला चालत असे. ऑफिसच्या कामात तो आकडा खोटा नव्हता. वर्ड, एक्सेल, विंडोज हा सगळा पूर्णांकांचा कारभार, आणि त्यात सायरिक्स तरबेज. पण क्वेकमध्ये सगळं जग खऱ्या त्रिमितीचं. भिंतीवरचं चित्र तिरक्या कोनातून बरोबर दिसायचं तर भागाकार करावा लागतो, तोही दशांश चिन्हातला. दर पिक्सेलला भागाकार परवडणार नाही, म्हणून क्वेकच्या प्रोग्रॅमरांनी तो दर १६ पिक्सेलमागे एकदा करायचा असं ठरवलं. पेंटियमचं फ्लोटिंग पॉइंट युनिट इकडे भागाकार दळत असतानाच तिकडे पूर्णांकाचं युनिट मधले पिक्सेल रंगवून टाकायचं. भागाकार जवळपास फुकटात पडायचा. हा कोड पेंटियमच्या अंगाने शिवलेला होता. सायरिक्सच्या अंगावर तो बसेना, आणि 'पी१६६+' घेतलेला माणूस त्याच्याहून खालच्या पेंटियमवाल्याच्या मागे पडू लागला. बेंचमार्क ऑफिसचा बघायचा आणि वापर गेमसाठी करायचा, या प्रकाराचा पहिला मोठा फटका तो. तरी सॉकेट ७ ची कृपा म्हणजे बोर्ड वाया गेला नाही. पुढे पेंटियम स्वस्त झाल्यावर सायरिक्स काढून तो बसवता येत होता.

ही चैन इंटेलला फार दिवस मानवणारी नव्हती. मे १९९७ मध्ये पेंटियम-टू आला तो सॉकेट सोडून, काळ्या प्लॅस्टिकच्या काडतुसात. जुन्या व्हिडिओ गेमची कॅसेट खुपसावी तसा तो बोर्डावर उभा खुपसायचा. खाचेचं नाव स्लॉट १. तांत्रिक कारण खरं होतं. दुसऱ्या पातळीची कॅश (खिशातली नव्हे, चिपवरची) प्रोसेसरच्या आत मावत नव्हती, म्हणून ती वेगळ्या चिपांत घालून शेजारी बसवली होती, आणि त्यासाठी छोटा सर्किट बोर्ड लागत होता. पण त्याच्या जोडीला आणखी एक खरं होतं. ही खाच आणि तिच्यामागची बस इंटेलच्या मालकीची होती आणि एएमडीला ती वापरायची मुभा नव्हती. शेजाऱ्यांना आजवर मोकळी असलेली वाडीतली विहीर एका रात्रीत कुलूपबंद झाली म्हणा ना. एएमडीने जुन्याच सॉकेट ७ ला १०० मेगाहर्ट्‌झची बस आणि एजीपी जोडून 'सुपर सेव्हन' केलं आणि १९९८ मध्ये के६-२ त्यावर चालवला. तो काळ त्यांनी कसाबसा काढला.

आणि मग ऑगस्ट १९९८. हा माझा सगळ्यात लाडका महिना आहे, तेव्हा जरा निवांत सांगतो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंटेलने स्वस्त बाजारासाठी पहिला सेलेरॉन काढला होता. पेंटियम-टूच, फक्त दुसऱ्या पातळीची कॅश काढून टाकलेली. म्हणजे फोडणी न दिलेली आमटी. टीका झाली, मग इंटेलने २४ ऑगस्टला सुधारित सेलेरॉन आणला, ३००ए. यात १२८ केबी कॅश होती, पण शेजारी नाही, थेट प्रोसेसरच्या चिपवर, आणि प्रोसेसरच्याच वेगाने चालणारी. किंमत १४९ डॉलर. त्याच दिवशी इंटेलने आपला सगळ्यात वेगवान पेंटियम-टू ४५० ही आणला. किंमत ६६९ डॉलर. त्यात ५१२ केबी कॅश, पण ती बाहेरची, अर्ध्या वेगाने, म्हणजे २२५ मेगाहर्ट्‌झला चालणारी.

आता गणित. सेलेरॉन ३००ए ची बस ६६ मेगाहर्ट्‌झ, गुणक साडेचार. गुणले की ३००. गुणकाला इंटेलने कुलूप घातलं होतं, तो बदलता येत नव्हता. पण बस? बसचा वेग बोर्ड ठरवतो! ४४०बीएक्स चिपसेटचे बोर्ड १०० मेगाहर्ट्‌झला चालायलाच बनवलेले होते. सेलेरॉन तिथे बसवा, बस १०० करा, आणि १०० गुणिले साडेचार बरोबर किती? ४५०. ६६९ डॉलरवाल्याइतकाच.

अबिटचा बीएच६ हा बोर्ड या एका कारणासाठी अजरामर झाला. त्यात जंपर नव्हते. बायोसमध्ये जायचं, यादीतून बसचा वेग निवडायचा, जरूर पडली तर व्होल्टेज थोडं चढवायचं, रीस्टार्ट. ज्यांच्या बोर्डात ही सोय नव्हती त्यांनीही मार्ग काढला. प्रोसेसरच्या काडतुसाला 'बी२१' नावाचा एक संपर्क आहे, त्यावरून बोर्डाला कळतं की हा ६६ वाला आहे. त्यावर बारीक चिकटपट्टी लावली की बोर्ड समजायचा, १०० वाला आलाय. सगळेच तुकडे ४५० ला टिकायचे असं नाही, पण इतके टिकायचे की लोक जाणूनबुजून तोच मागायचे. गेममध्ये लहान पण पूर्ण वेगाची कॅश मोठ्या पण अर्ध्या वेगाच्या कॅशसमोर सहज उभी राहायची.

आमच्या ऑफिसात चाळिशी ओलांडलेले एक सिनियर आहेत. हा विषय निघाला की त्यांचा चेहरा उजळतो. लॅमिंग्टन रोडला (सरकारी नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलंत तर टॅक्सीवालाही दोनदा विचारेल) दुकानदारासमोर काउंटरवर उभं राहून '३००ए द्या, नुसता ३०० नको' असं बजावायचं, हा त्यांचा आवडता किस्सा. नुसता ३०० म्हणजे तो बिनकॅशवाला. नावात एका अक्षराचा फरक, आणि तिथेच गिऱ्हाईक कापलं जायचं. (नावांचा हा घोळ आजही तसाच आहे, बरं का.)

मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. इंटेलने कुलूप प्रोसेसरला घातलं, बोर्डाला घालायचं राहिलं. दोन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना दोन वेगवेगळ्या किमतींना विकायच्या वस्तू आतून जवळपास सारख्याच होत्या. ते झाकणारी भिंत बोर्डवाल्याने पाडली, कारण बोर्डवाल्याला आपला बोर्ड खपवायचा होता. विद्यार्थ्यांवर दया दाखवायला कुणीही बसलं नव्हतं.

पुढची चार-पाच वर्षं अशीच मजेची गेली. १९९९ मध्ये एएमडीने ॲथलॉन काढला तो स्वतःच्या स्लॉट ए मध्ये. खाच दिसायला स्लॉट १ सारखीच, पण उलटी बसवलेली, आणि आतली बस डेकच्या अल्फा प्रोसेसरची. इंटेल नाराज होईल या धास्तीने बोर्ड कंपन्या इतक्या बिचकल्या होत्या की असूसचा के७एम बोर्ड सुरुवातीला नाव नसलेल्या पांढऱ्या खोक्यात विकला गेला. २००० मध्ये सॉकेट ए आलं, त्यात ड्युरॉन. त्याचा गुणक उघडायला काय लागायचं? शिसपेन्सिल. प्रोसेसरच्या पाठीवर 'एल१' नावाचे तुटलेले पूल असत, त्यावर शिसं घासून ते जोडायचे. २००३ मध्ये ॲथलॉन एक्सपी २५०० प्लस. ११ गुणिले १६६. एनफोर्स-टूच्या बोर्डावर बस २०० केली की तोच ३२०० प्लस, ज्याची मे २००३ मधली किंमत ४६४ डॉलर होती. पुन्हा तेच गणित, पुन्हा बोर्डाचीच मेहेरबानी.

मग दारं एकेक करून लागत गेली. शेवटचं मोठं दार जानेवारी २०११ मध्ये बंद झालं, सँडी ब्रिज आला तेव्हा. इंटेलने प्रोसेसर, पीसीआय एक्स्प्रेस, साटा सगळं एकाच १०० मेगाहर्ट्‌झच्या घड्याळाला बांधलं. ते घड्याळ पाच-सात टक्क्यांहून जास्त पळवलं की प्रोसेसर राहिला बाजूला, डिस्कच रुसायची. वेग वाढवायचाच असेल तर नावात 'के' असलेला महाग प्रोसेसर घ्या, आणि त्यासोबत वरच्या चिपसेटचा महाग बोर्ड घ्या. हौस आता दोन्ही टोकांनी विकायला काढली. २०१५ च्या अखेरीस काही बोर्ड कंपन्यांनी बिन-'के' स्कायलेकलाही पळवणारं बायोस दिलं होतं, तर २०१६ च्या सुरुवातीला ते मागे घ्यावं लागलं.

मधे २०१४ मध्ये इंटेलने पेंटियमच्या विसाव्या वाढदिवसाला जी३२५८ दिला होता, ७२ डॉलरला, गुणक उघडा. लोक हरखले, नवा ३००ए आला म्हणून. पण कोअर दोनच आणि थ्रेडही दोनच. त्याच वर्षी नोव्हेंबरात फार क्राय ४ आला, तो दोन थ्रेडवर सुरूच होईना. वेग कितीही असो, काळा पडदा. क्वेक आणि सायरिक्सचीच गोष्ट, फक्त अठरा वर्षांनी.

आणि २०१७ ची गंमत तर कहर होती. इंटेलच्या आठव्या पिढीचे प्रोसेसर आले, सॉकेट एलजीए११५१. आधीच्या दोन पिढ्यांचं सॉकेटही एलजीए११५१. नाव तेच, मापही तेच, बसायचंही नीट, चालायचं मात्र नाही, नवा बोर्ड हवा. इंटेलचं म्हणणं, वीज पुरवणाऱ्या पायांची मांडणी बदललीय. हौशी लोकांनी बायोसमध्ये फेरफार करून आणि काही पायांवर पट्ट्या चिकटवून जुन्या बोर्डांवर ते चालवून दाखवले. बी२१ ची आठवण आली ना?

नेमक्या त्याच वर्षी मार्चमध्ये एएमडीने रायझन आणला, एएम४ सॉकेटवर. कंपनी तेव्हा गळ्यापर्यंत बुडालेली होती. गिऱ्हाईक परत आणायचं तर काहीतरी मोठं कबूल करावंच लागणार होतं. त्यांनी कबूल केलं, की हे सॉकेट २०२० पर्यंत टिकेल. आणि साध्या बी३५० चिपसेटच्या बोर्डावरही वेग वाढवायची मुभा दिली. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवे रायझन आले, पण दुकानात पडून असलेल्या बोर्डांचं बायोस जुनं, त्यामुळे नवा प्रोसेसर सुरूच होईना, आणि सुरू झाल्याशिवाय बायोस अपडेट करता येईना. तेव्हा एएमडी गिऱ्हाइकाला एक जुना प्रोसेसर उसना पाठवायची. तो लावा, अपडेट करा, परत पाठवा. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावं तसं!

पण वचन पाळणं सोपं नसतं. बऱ्याच बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीचीच होती, आणि इतक्या साऱ्या प्रोसेसरांची माहिती त्यात मावेना. एका बोर्ड कंपनीने तर जागा करायला बायोसचा चकचकीत इंटरफेसच काढून साधा बसवला. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केलं की पुढचा रायझन, झेन ३, बी४५० सारख्या ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाही. 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून याच भरवशावर ते बोर्ड घेतलेले लोक भडकले, इतके की दोन आठवड्यांच्या आत कंपनीने निर्णय फिरवला. २०२२ मध्ये तर २०१७ च्या बी३५० बोर्डांनाही झेन ३ ची दारं उघडली. त्यामुळे एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आला तो पाच वर्षं जुन्या बोर्डात बसला, आणि गेममध्ये तेव्हाच्या सर्वोत्तम प्रोसेसरांच्या पंगतीला जाऊन बसला. एएमडी फार सज्जन कंपनी आहे असं मी म्हणत नाही. वर्चस्व असताना तीही इंटेलच होते. तिने दार उघडं ठेवलं, कारण तिला गरज होती, आणि बंद करायला निघाली तेव्हा लोक ओरडले.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझा मामेभाऊ. सोलापूरला असतो, बारावी झाली, साठ हजारात गेमिंग पीसी हवाय. ("दादा, कोडिंगसाठीच." हो का.) त्याचे प्रश्न सगळे प्रोसेसरचे. पण खरा प्रश्न मामाने विचारला, फोन हातात घेऊन. "अरे, एकदा घेतला की दोन वर्षांनी परत पैसे मागणार नाही ना हा?"

मामाला सॉकेट माहीत नाही, पण विचारलं त्याने सॉकेटबद्दलच. एएम४ वर रायझन ५ ५६०० आजही बहुतेक गेम ओढतो, डीडीआर४ रॅम चालते, पण त्या सॉकेटची वाट जवळजवळ तिथेच संपते. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ ला डीडीआर५ च लागते, आणि २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव असे भडकलेत की आधीची सगळी गणितं फाडून टाकावी लागली. त्याबदल्यात एएमडीने २०२४ मध्ये सांगितलंय, की एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही नवे प्रोसेसर देऊ. इंटेलच्या एलजीए१७०० मध्ये तिन्ही पिढ्या येऊन गेल्या, आणि ऑक्टोबर २०२४ पासून नवं सॉकेट सुरू झालं.

मी त्याला एएम५ सांगितलं. बी६५० चा बोर्ड, मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला, म्हणजे प्रोसेसर न लावताच पेन ड्राइव्हवरून अपडेट होतं आणि उसना मागायची पाळी येत नाही. प्रोसेसर त्यातला सगळ्यात खालचा सहा कोअरचा. १६ जीबीची एकच रॅम, थोडे फ्रेम्स जातील ते जाऊ देत, दुसरी भाव उतरल्यावर. ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड, ते मी पुण्यातून स्वतः चालवून बघून पाठवणार आहे. बोर्डावर जास्त पैसे गेले म्हणून पठ्ठ्या दोन दिवस नाराज होता. मामाला मात्र एवढंच सांगितलं, की चार वर्षांनी मागेल, पण फक्त प्रोसेसरचे मागेल.